फळा पाहणाऱ्यांची तोंडे

अज्ञानाच्या काळोखात ठेचकाळणाऱ्या मानवजातीला शिक्षणाचा खरा मार्ग अडीच हजार वर्षांपूर्वी भगवान बुद्धांनी दाखवून दिला. तो मार्ग सावकाश चालत चालत सन एकोणीसशे बत्तीसच्या माघ महिन्यात निपाणीजवळच्या एका खेड्यातील लोकल बोर्डाच्या मराठी शाळेत येऊन पोचला. तिथे तो मुलांकडून पाठ करून घेण्यात आला. ज्याला पाठ झाला नाही त्याला छडी मिळाली.

गावाचे नाव सांगण्यात अर्थ नाही. त्या मुलखातल्या कुठल्याही गावाला ही गोष्ट शेजारच्या गावाची आहे, असेच वाटेल.

शाळेत मास्तर एकच, दत्तोपंत. त्यामुळे हेडमास्तरही तेच. मूळचे बेळगावचे, घरात तीन पिढ्यांची वकिली आणि नोकरी, धारवाडला ट्रेनिंग घेतलेले. विचाराने ते सुधारक होते आणि हे गावात सर्वांना ठाऊक होते, कारण ते स्वतःच सांगत. जिल्ह्याला शाळा तपासणारे नवे दिपोटीसाहेब आले, त्यांनी चिकोडीला मास्तरांची सभा घेतली आणि भगवान बुद्ध हे जगातले पहिले शिक्षणतज्ज्ञ होते, असे दोन तास सांगितले. शेवटी ते म्हणाले, "ही पद्धत प्रत्येक शाळेत दिसली पाहिजे. मी तपासणीला येईन तेव्हा दिसली पाहिजे."

सभेतल्या सगळ्या मास्तरांनी मनातल्या मनात शेवटच्या वाक्याखाली रेघ ओढली.

दत्तोपंतांनी बेळगावच्या वाचनालयातून बुद्धावरचे एक जाडजूड मराठी पुस्तक आणले. निम्मे वाचले. जे सापडले ते फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिले: 'परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून काही खरे मानू नका. स्वतः पाहा, पारखा, मग माना.'

"म्हणा रे!" असे म्हणून त्यांनी टेबलावर छडी आपटली.

सगळा वर्ग हेल काढून म्हणू लागला. आठवडाभर सकाळ-दुपार म्हणत राहिला. रस्त्याने जाणाऱ्या बायकांना वाटे, मास्तरांनी नवी आरती बसवली. एक दिवस आण्णाप्पा पाटलांचा शिवगोंडा उभा राहिला आणि डोके खाजवत म्हणाला, "गुर्जी, हे बी तुमीच सांगतायसा. मग हे तरी खरं कशावरनं मानायचं?"

अडीच हजार वर्षांत त्या वचनाला याहून चांगला विद्यार्थी मिळाला नसेल. दत्तोपंतांनी त्याला दोन छड्या दिल्या.

छड्यांचे एक सांगायला हवे. शाळेत छड्या दोन होत्या. एक आतल्या मुलांसाठी, दुसरी बाहेरच्यांसाठी. बाहेरची मुले म्हणजे महारवाड्यातली तीन पोरे: मष्णूची गुणा, आणि रवळू व बेबी ही भावंडे. गावात मुलींची निराळी शाळा नव्हती, म्हणून मुली मुलांच्या शाळेत येत. आणि बाहेरच्यांची निराळी शाळा नव्हती, म्हणून ती खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर बसत. त्यांना हाताने मारता येत नसे, कारण विटाळ. म्हणून दुसरी छडी खिडकीतून फेकून मारायची असे. ज्याला लागली त्याने ती उचलून खिडकीच्या चौकटीवर आणून ठेवायची, अशी शिस्त होती. सुधारक असल्यामुळे दत्तोपंत ती हळू फेकत.

फळा टांगला होता त्याच भिंतीला ती खिडकी होती. त्यामुळे कट्ट्यावरून फळा दिसत नसे. फळा पाहणाऱ्यांची तोंडे दिसत. ती तोंडे हलली की फळ्यावर काय असेल हे ओळखून गुणा चौथीपर्यंत आली होती. गुणाकारात तिच्या पुढे कोणी नव्हते. दत्तोपंत कौतुकाने म्हणत, "पोरगी आत असती तर पहिली आली असती."

तपासणी आठवड्यावर आली. प्रश्न विचारायला शिकवणे हे या पद्धतीचे मर्म, असे साहेबांनी सांगितले होते. तेव्हा दत्तोपंतांनी एकेका मुलाला एकेक प्रश्न नेमून दिला. कुणी 'दुःखाचे कारण काय?' विचारायचे, कुणी 'मन कसे जिंकावे?'. उत्तरेही नेमून दिली, म्हणजे साहेबांना त्रास नको. कट्ट्यावरच्या तिघांना प्रश्न दिला गेला नाही. त्यात दुष्टावा नव्हता. यादी करताना ती पोरे आठवलीच नाहीत.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी गुणाचा बाप मष्णू दत्तोपंतांच्या परसाच्या कुडापाशी येऊन उभा राहिला. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत तो हमाली करी. अंगाला तो उग्र वास कायमचा लागलेला.

"काय रे मष्णू?"

"न्हाय म्हंजे, पोरीचं इचारायला आलतो. वखारीत सुगी सुरू झालीया. पानाच्या शिरा काढायला पोरी घ्यायलेत. मुकादम म्हनतोय, तुजी आन."

"अरे, चौथीची परीक्षा दोन महिन्यांवर आली! पास झाली तर बेळगावच्या बोर्डिंगात घेतील तिला."

"ते समदं ठावं हाय जी. म्हनून तर चार वर्सं धाडली." मष्णूने जमिनीकडे पाहिले. "पन पोरगीच म्हनाया लागलीया, आप्पा, आता भूमितीचं आलंय, ते तोंडं बघून कळत न्हाय. फळ्यावर काय काढत्यात ते दिसाय पायजे. मग म्हटलं, भाईर बसून दोन म्हयने घालवायचे कशाला? वखारीत निदान आत तर बसंल."

दत्तोपंतांनी कुडातली एक काटकी सरळ केली. मग म्हणाले, "तिला आत घ्यावं अशी माझी तर फार इच्छा आहे. शनिवारी दिपोटीसाहेब येताहेत. त्यांनी तोंडाने म्हटलं की लगेच घेतो."

"आनि न्हाय म्हनलं तर?"

"असं कसं म्हणतील? बुद्धाचे भक्त आहेत ते."

"बरं. मग शनवारपातूर थांबतो," मष्णू म्हणाला. "सायेब बोलला तर पोरगी तुमची. न्हाय बोलला तर सोमवारी वखारीची."

तो गेला. दत्तोपंतांच्या पत्नी वसुधाबाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातात ते बुद्धाचे पुस्तक होते.

"साहेबांनी तोंडाने म्हटलं तर, म्हणे! आणि तुम्हाला तोंड नाही वाटतं?"

"तुला त्यातलं कळत नाही. नोकरी आहे ती."

"हे पुस्तक तर कळतं ना? मी संपवलं ते."

"कधी?"

"तुम्ही पोरांकडून घोकून घेत होतात तेव्हा. तुमची खूण अजून मधल्याच पानात आहे. पुढे एक गोष्ट आहे, ती ऐका. बुद्धांचा एक शिष्य होता, मंद बुद्धीचा. चार महिन्यांत त्याला चार ओळी पाठ होईनात. सख्ख्या भावानं विहारातून हाकलून दिलं. बिचारा दाराबाहेर रडत उभा राहिला. बुद्धांनी काय केलं असेल?"

"प्रश्न विचारला असेल."

"हात धरला! दाराबाहेर येऊन त्याचा हात धरला आणि आत नेलं. मग एक पांढरं फडकं दिलं आणि म्हणाले, हे चोळत बस. फडकं मळत गेलं, ते त्यानं डोळ्यांनी पाहिलं, आणि पोथ्या पाठ करणाऱ्यांना जे उमगलं नव्हतं ते त्याला उमगलं. पाठ करायला लावलं नाही, मारलं नाही. ज्याला जे दिसेल ते त्याच्या पुढ्यात ठेवलं. पण सगळ्यात आधी हात धरला! तुमच्या पद्धतीत तेवढंच राहून गेलंय. तुमच्याकडे छडीसुद्धा फेकून मारायची."

"अगं, गाव काय म्हणेल?"

"गाव म्हणेलच. गुरू गावाला भिऊ लागला की शाळेत शिकायला उरतं काय? आणि सरकारी ठराव तर तुमच्याच बाजूचा आहे ना? आठ-नऊ वर्षं झाली म्हणता. कुणाला बाहेर बसवायचं नाही असं त्यात लिहिलंय, तुम्हीच सांगितलंत."

"लिहिलंय," दत्तोपंत म्हणाले. "पण शनिवार होऊ दे."

शनिवारी दिपोटीसाहेब निपाणीहून टांग्याने आले. आण्णाप्पा पाटलांनी हार घातला आणि ते खुर्चीवर साहेबांच्या शेजारी बसले. खोली झाडून सारवलेली, वर्ग ओळीने बसलेला. बाहेर कट्ट्यावर तिघे. गुणाने केसांना तेल लावले होते.

प्रश्न सुरू झाले. 'दुःखाचे कारण काय?' झाले. 'मन कसे जिंकावे?' झाले. जोतिबा नावाच्या पोराने गडबडीत प्रश्नाऐवजी उत्तरच विचारले, तेही साहेबांना आवडले. मग ते खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "फारच सुंदर, दत्तोपंत. आता एखादा ताजा प्रश्न. स्वतःच्या मनातला. कोण विचारतं?"

सगळ्या पोरांनी दत्तोपंतांकडे पाहिले. ताजा प्रश्न कुणालाच नेमून दिलेला नव्हता.

"सायेब, मी इचारू?"

आवाज खिडकीतून आला. साहेबांनी मान वळवली. "कोण आहे? विचार, बाळ, विचार."

"तुमी म्हंतासा, सोता बगा, पारखा, मग माना." गुणाने फळ्याच्या दिशेने बोट केले. "पन हितनं फळा दिसत न्हाय. आत यून बगू का?"

असे विचारून ती उत्तराची वाट पाहत बसली नाही. उभी राहिली. पाटी काखेत मारली. परकराची धूळ झटकली. 'ये' एवढेच कुणी म्हटले असते, तर दहा पावलांवर दार होते.

वाचकहो, त्या क्षणी त्या खोलीत दोन ट्रेनिंग झालेले शिक्षक हजर होते! सरकारचा ठराव साहेबांच्या चामडी बॅगेत होता! भगवान बुद्ध फळ्यावर होते! एका अक्षराचे काम होते!

"वा!" साहेब म्हणाले. "प्रश्न असावा तर असा! हे तुमच्या पद्धतीचं फळ आहे, दत्तोपंत. तेव्हा उत्तरही तुम्हीच द्यायचं."

दत्तोपंतांनी साहेबांकडे पाहिले. साहेबांनी पाटलांकडे पाहिले. पाटील आढ्याकडे बघत होते. दत्तोपंतांच्या ओठांवर ते अक्षर आले. अगदी पुढच्या दातांपर्यंत आले.

"उद्या बघू," ते म्हणाले.

उद्या रविवार होता.

गुणा थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग खाली बसली. पाटलांच्या घरी साहेबांसाठी मांडे केले होते. निघताना साहेब दत्तोपंतांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मुलाला उत्तर लगेच द्यायचं नाही, ते त्याच्या मनात मुरू द्यायचं, हेच मर्म. तुम्ही ते ओळखलंत."

गोष्ट गावातून वसुधाबाईंपर्यंत आधीच पोचली होती. त्यांनी पुस्तक रद्दीच्या कागदात गुंडाळून ओट्यावर ठेवले. "हे परत करून टाका. तुमचं वापरून झालं असेल."

रविवारी दत्तोपंत जेवले नाहीत. दिवसभर ओटीवर येरझारा घालत राहिले. संध्याकाळी म्हणाले, "सोमवारी मी तिला आत घेणार. जे व्हायचं ते होवो!"

वसुधाबाई म्हणाल्या, "मष्णूला आत्ताच जाऊन सांगा."

"आत्ता? महारवाड्यात?" दत्तोपंत म्हणाले. "सकाळी शाळेत येईलच की ती."

सोमवारी कट्ट्यावर रवळू आणि बेबी होती. गुणाचे बसायचे पोते घडी घालून कडेला ठेवलेले होते.

"गुणा कुठाय रे?"

"वखारीत गेली जी," रवळू म्हणाला. "तांबडं फुटायच्या आधीच गेली."

शाळेला सुट्टी देऊन दत्तोपंत उन्हातून निपाणीला चालत गेले. वखार म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. दारातून आत पाऊल टाकणार तोच मुकादम ओरडला, "ओ मास्तर! आत न्हाय यायचं. तंबाखूचा खकाणा लई उडतोय, सोसायचा न्हाय तुमाला. भाईर थांबा."

ते बाहेर थांबले. आत ओळीने बायका आणि पोरी बसल्या होत्या. तोंडाला फडकी बांधलेली, हात भराभर चाललेले, खोकला एकीकडून दुसरीकडे जात होता. सगळ्यांत कडेला गुणा होती. तिने मास्तरांना पाहिले. हात थांबले नाहीत.

मष्णू पाठीवरचा तंबाखूचा बोद टाकून घाम पुसत आला.

"मष्णू, तिला घेऊन चल. आजपासून ती आत बसेल. फळ्यासमोर, पहिल्या ओळीत! दिपोटीचा नव्हे, हा माझा शब्द आहे!"

"मास्तर," मष्णू शांतपणे म्हणाला, "शनवारी ती उभी ऱ्हायलती."

"हो रे, माझं चुकलं..."

"घरी आली. पाटी चुलीम्होरं ठिवली. मी म्हटलं, काय झालं गं? इचारलंस का? म्हनली, इचारलं. मग? म्हनली, आप्पा, उत्तर आलं."

दत्तोपंतांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"काल दिसभर म्या वाट बगितली. उद्या बघू म्हनलायसा, मंजी मास्तर काल येनार, आसं मला येड्याला वाटलं. रातच्याला मुकादमाला शबूद दिला. आता पोरीला फिरून उभी ऱ्हा म्हनून कोन्या तोंडानं सांगू?"

"मी सांगतो. गुणा! अगं, ये!"

ते अक्षर अखेर दातांबाहेर आले. ते ऐकून वखारीत एक-दोघींनी मान वर केली. गुणाने बापाकडे पाहिले, मग पुढ्यातल्या पानांच्या ढिगाकडे. फडक्याआडून ती म्हणाली, "मास्तर, हितं मी आतच हाय."

दुसऱ्या दिवशी दत्तोपंतांनी सगळ्या वर्गादेखत कट्ट्यावर जाऊन रवळूचा आणि बेबीचा हात धरला आणि दोघांना आत आणून पहिल्या ओळीत बसवले. बाहेरची छडी गुडघ्यावर मोडली. बेबी रडू लागली. तिला वाटले, मास्तर आता जवळून मारणार.

दुपारी आण्णाप्पा पाटील आले. रागावलेले मुळीच नव्हते.

"मास्तर, तुमचं चुकलं असं मी म्हनत न्हाय. पुस्तकात लिवलंय तर खरंच असंल. पन ते पुस्तकात असू द्या की. साळंत कशाला आनतायसा?"

"पाटील, सरकारचा ठराव आहे."

"व्हय की. सरकारच्या कपाटात हाय. इतकी वर्सं तितं हाय, कुनाला तरास न्हाय त्याचा." पाटील उठले. "आमचा शिवगोंडा चार दिस घरी ऱ्हाईल. तंबाखूचं काम बी हायच."

शिवगोंडा घरी राहिला. त्याच्या मागोमाग सगळा वर्ग घरी राहिला. चार दिवस रवळू आणि बेबी दोघेच पहिल्या ओळीत बसली. मग त्यांच्या आईला पाटलांच्या मळ्यात कामाला येऊ नको असे सांगण्यात आले, तेव्हा ती भावंडेही यायची थांबली. दत्तोपंतांनी फळा काढून समोरच्या भिंतीवर लावला. तो आता खिडकीतून स्वच्छ दिसे. पाहायला कुणी नव्हते.

वसुधाबाई एकदा शाळेत आल्या. रिकाम्या वर्गात दत्तोपंत डोके धरून बसले होते.

"मी बरोबर केलं ना गं?"

"बरोबर केलंत," त्या म्हणाल्या. "मंगळवारी केलंत."

महिन्याने लोकल बोर्डाने शाळेतील पटसंख्या घटल्याबद्दल दत्तोपंतांची बदली केली. नव्या मास्तरांनी फळा जुन्या भिंतीवर नेला. त्यांनी नवी छडीही आणली. गुणाने त्या सुगीत वखारीत शिरा काढल्या, आणि पुढच्याही.

बंधुभगिनींनो, ही गोष्ट सांगायची ती दत्तोपंतांना हसण्यासाठी नव्हे. दिपोटीसाहेबांना वाटल्यास हसा, पण तेही जपून. कारण आपल्यातल्या बहुतेकांनी त्यांचेच ट्रेनिंग घेतले आहे. थोरांची वचने आपण पाठ करतो, भिंतीवर लावतो, सभेत सांगतो, आणि आपल्या दाराबाहेर कोण उभे आहे ते पाहत नाही. बुद्धांची शिकवण अवघड नाही. आधी हात धरा, मग दाखवा, मग विचारू द्या. जो पहिली पायरी सोडतो त्याच्या बाकीच्या पायऱ्या म्हणजे नुसती पाठांतराची आरती! आणि जे शनिवारी करायचे ते शनिवारीच करा. मूल प्रश्न विचारून उभे राहते ते एकदाच. त्याला खाली बसवले की पुढे आयुष्यभर आपण उत्तरे देत राहिलो तरी ऐकायला कुणी नसते.

दत्तोपंत हे शिकले, यात शंका नाही. बदली झाली ती कणकुंबीच्या पलीकडे, रानातल्या एका वाडीवर. सामान बैलगाडीत, शेजारी वसुधाबाई. वाटेत त्यांनी डोळ्यांत पाणी आणून प्रतिज्ञा केली की आता आपल्या शाळेत एकही मूल बाहेर बसणार नाही.

त्या वाडीवरच्या शाळेला इमारत नव्हती.